जोसेफ थॉमसन, आफ्रिकेतला तरुण भूवैज्ञानिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हिंग्स्टन आणि स्टॅन्ली यांची नावं मराठी वाचकांना शाळेपासून माहीत असतात. जोसेफ थॉमसनचं नाव मात्र बहुतेकांना पहिल्यांदा भेटतं ते एखाद्या हरणाच्या किंवा धबधब्याच्या नावात, आणि मग प्रश्न येऊ लागतात. वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जोसेफ थॉमसन म्हणजे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारा तोच का?

नाही. इलेक्ट्रॉनवाले जे. जे. थॉमसन. त्यांचंही पहिलं नाव जोसेफ आणि दोघांच्या जन्मात जेमतेम चौदा महिन्यांचं अंतर, म्हणून हा घोळ कायम होतो. आपला थॉमसन १४ फेब्रुवारी १८५८ रोजी दक्षिण स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसशायर परगण्यात, पेनपॉन्ट नावाच्या खेड्यात जन्मला. १८७९ ते १८९१ या काळात त्याने आफ्रिकेत सहा मोहिमा केल्या आणि २ ऑगस्ट १८९५ रोजी लंडनमध्ये वारला. वय फक्त ३७.

२. घरी शिक्षणाची परंपरा नसताना तो भूविज्ञानाकडे कसा वळला?

वडील विलियम थॉमसन मुळात पाथरवट. पुढे त्यांनी गेटलॉब्रिज इथली दगडाची खाण चालवायला घेतली आणि जोसेफ दहा वर्षांचा असताना कुटुंब तिकडे राहायला गेलं. ही खाण तांबड्या वालुकाश्माची. पर्मियन काळात, म्हणजे पंचवीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, तिथे वाळवंट होतं आणि त्याच्या टेकड्यांची वाळू दाबली जाऊन हा दगड झाला. त्याच परिसरातल्या कॅरन ओढ्याच्या काठी त्याच काळातला जुना लाव्हाही उघडा पडलेला दिसतो. वाळवंट आणि ज्वालामुखी या दोन्हींच्या खुणा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! पोरगा खाणीत काम करायचा आणि सुटीत हे खडक पालथे घालायचा. गावातले डॉक्टर ग्रियर्सन यांचं स्वतःचं संग्रहालय होतं. त्यांनी त्याच्या या नादाला खतपाणी घातलं.

पुढे एडिंबरा विद्यापीठात त्याला शिकवायला आर्चिबाल्ड गाइकी होते, ब्रिटनमधल्या प्राचीन ज्वालामुखींचे जाणकार. निसर्गेतिहासाचे प्राध्यापक चार्ल्स वायव्हिल थॉमसन (हे आणखी एक वेगळे थॉमसन) चॅलेंजर जहाजावर समुद्रमोहिमेला गेले होते, म्हणून त्यांच्या जागी थॉमस हक्सली व्याख्यानं द्यायला येत. तीही त्याने ऐकली. माझ्या मते थॉमसन समजून घ्यायचा तर आधी ती खाण समजून घ्यायला हवी. दगड आधी हाताने ओळखायचा आणि मग पुस्तकात शोधायचा, ही सवय त्याला आफ्रिकेत शेवटपर्यंत उपयोगी पडली.

३. एकविसाव्या वर्षी तो मोहिमेचा प्रमुख कसा झाला?

दुर्दैवाने. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७८ मध्ये नकाशाकार कीथ जॉन्स्टन यांच्या हाताखाली एक मोहीम आखली. दारेसलामपासून न्यासा (आजच्या मलावी) सरोवराच्या उत्तर टोकापर्यंत आणि तिथून टांगानिका सरोवरापर्यंत वाट शोधायची होती. थॉमसनची नेमणूक भूवैज्ञानिक आणि निसर्गअभ्यासक म्हणून, म्हणजे दुय्यम. तांडा १८७९ च्या मे महिन्यात निघाला आणि २८ जूनला बेहोबेहो इथे जॉन्स्टन अमांशाने गेले. दीडशेच्या आसपास माणसं, एकमेव वरिष्ठ मेलेला, आणि उरलेला गोरा माणूस म्हणजे नुकताच पदवी घेऊन आलेला हा मुलगा.

परत फिरला असता तर कोणी दोष दिला नसता. तो पुढे गेला. न्यासाचं उत्तर टोक गाठलं, तिथून टांगानिकाला पोचला, वाटेत उंचावरून रुक्वा सरोवर पाहिलं आणि १८८० मध्ये समुद्रकिनाऱ्याला परतला. हे त्याला जमलं त्याचं मोठं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

४. त्याच्या तांड्याचा म्होरक्या मुंबईत शिकलेला होता हे खरं का? आणि नाशिकचा काय संबंध?

खरं आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे जरूर माहीत करून घ्यावं.

जेम्स चुमा हा याओ जमातीचा. लहानपणी गुलामांच्या तांड्यातून सोडवला गेला. १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टनने आपली छोटी आगबोट लेडी न्यासा विकायला म्हणून झांझिबारहून थेट हिंदी महासागर ओलांडून मुंबईला आणली, तेव्हा चुमा आणि विकातानी ही दोन मुलं तिच्यावर होती. लिव्हिंग्स्टनने त्यांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे विल्सन. १८६५ च्या डिसेंबरमध्ये चुमाचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला. १८६६ च्या सुरुवातीला लिव्हिंग्स्टन मुंबईहून शेवटच्या मोहिमेला निघाला तेव्हा चुमा त्याच्यासोबत गेला.

त्याच मोहिमेत नाशिकची मुलंही होती. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर इथे, ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता. तिथे मुलं लिहायवाचायला आणि हातचे हुन्नर शिकत. आज नाशिककर रोज ज्या शरणपूर रोडवरून जातात त्याचं नाव याच वसाहतीवरून पडलं आहे. चुमा नाशिकच्या शाळेतला, असं बरेचदा लिहिलं जातं ते चूक. तो मुंबईचा. नाशिकचा प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे जेकब वेनराइट, जो लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या काळात त्याच्याकडे पोचला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन मेल्यावर त्याचं शव महिनोन्‌महिने चालून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत चुमा, लिव्हिंग्स्टनचा जुना सोबती सुसी आणि वेनराइट होते.

म्हणजे १८७९ मध्ये थॉमसनच्या हाती तांडा आला तेव्हा त्याचा म्होरक्या चुमा हा आफ्रिकेच्या अंतर्भागात वर्षानुवर्षं चाललेला, इंग्रजीसह अनेक भाषा सफाईने बोलणारा, गावोगावच्या प्रमुखांशी वाटाघाटी करण्यात मुरलेला माणूस होता. थॉमसनला दगड कळत होते. माणसं, वाटा, हमालांचे रुसवे आणि वाटेवरच्या सरदारांचे मान हे चुमाला कळत होतं. थॉमसननेही चुमाचं कौतुक मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. तरी मोहिमेचं नाव घेताना एकच नाव घेतलं जातं, आणि ते मला पटत नाही. चुमा १८८२ मध्ये झांझिबारला क्षयाने वारला.

नाशिकचा धागा इथे संपत नाही. शरणपूरचा आश्रम चालवणारे विलियम सॉल्टर प्राइस यांनी १८७४-७५ च्या सुमारास मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रियरटाऊन वसवलं. नाव पूर्वीचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचं. शरणपूरची बरीच माणसं तिथे आणि शेजारच्या रबईत जाऊन राहिली. थॉमसनचा मासाई मुलखाकडे जाणारा रस्ता याच रबईवरून गेला.

५. मोहिमेवर भूवैज्ञानिक नेमकं काय करायचा?

चालता चालता उंची मोजायची (पाणी किती तापमानाला उकळतं आणि हवेचा दाब किती, यावरून), खडकांचे नमुने घ्यायचे, कुठला थर कुठे संपतो ते टिपायचं आणि परतल्यावर त्यातून नकाशा जोडायचा. पहिल्याच मोहिमेनंतर थॉमसनने पूर्व आफ्रिकेच्या मध्यभागाचा भूवैज्ञानिक आराखडा मांडला.

चांगलं उदाहरण लुकुगा नदीचं. टांगानिका सरोवराचं पाणी बाहेर पडतं की नाही, यावर तेव्हा वाद पेटला होता. १८७४ मध्ये इंग्रज प्रवासी कॅमेरनने लुकुगा ही बाहेर जाणारी वाट असल्याचं सांगितलं. दोन वर्षांनी स्टॅन्ली गेला तर तिथे गाळ आणि पाणवनस्पतींनी तोंड बुजलेलं. थॉमसन १८७९ च्या अखेरीस पोचला तेव्हा नदी जोरात वाहत होती. तिघांचंही निरीक्षण बरोबर होतं. सरोवराची पातळी वर्षानुवर्षं चढत गेली आणि शेवटी पाण्याने तो बांध फोडला. त्यानंतर सरोवर उतरू लागलं. लुकुगाच्या काठाने काँगोपर्यंत जायचं थॉमसनच्या मनात होतं, पण वारुआ लोकांनी वाट अडवली आणि त्याला माघार घ्यावी लागली.

६. झांझिबारच्या सुलतानाच्या कोळशाचं काय झालं?

१८८१ मध्ये सुलतान बर्गशने त्याला रुवुमा नदीकडे कोळसा तपासायला पाठवलं. तिथे दगडी कोळसा असल्याची वदंता लिव्हिंग्स्टनच्या काळापासून होती, आणि आगबोटींच्या त्या जमान्यात स्वतःचा कोळसा म्हणजे केवढी सत्ता. थॉमसनने जाऊन पाहिलं. तो कोळसा नव्हता, बिट्युमेनयुक्त शेल होता, म्हणजे डांबरासारखा पदार्थ मिसळलेला चिखलाचा खडक. धंद्याच्या दृष्टीने निरुपयोगी. त्याने तसं स्पष्ट कळवलं, सुलतान नाराज झाला आणि नोकरी तिथेच संपली. पदरच्या माणसाने धन्याला नको ते उत्तर द्यायचं, हे त्या काळी सोपं नव्हतं. या मोहिमेतही चुमा सोबत होता.

७. मासाई प्रदेशात जाणारा पहिला युरोपीय तोच ना?

अगदी तसं म्हणता येत नाही. जर्मन डॉक्टर गुस्टाव्ह फिशर थॉमसनच्या थोडाच आधी पांगानीहून निघून नैवाशा सरोवराच्या बाजूपर्यंत जाऊन आला होता. पण तो तिथून परतला. मासाई मुलूख पार करून पलीकडे व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत या वाटेने पोचणारा पहिला युरोपीय थॉमसन. आणि तेही 'युरोपीय' हा शब्द ठेवूनच. स्वाहिली व्यापाऱ्यांचे तांडे या मुलखात हस्तिदंतासाठी आधीपासून जात होते.

थॉमसन १८८३ च्या मार्चमध्ये मोंबासाहून निघाला. किलिमांजारोच्या उतारावर सुमारे ९,००० फुटांपर्यंत चढून आला. पुढे गेल्यावर कळलं की फिशरच्या तांड्याशी झालेल्या झटापटीने मासाई खवळलेले आहेत. तो किनाऱ्याला परतला, सामान वाढवलं आणि दुसऱ्या खेपेला जुम्बे किमामेता या अनुभवी व्यापाऱ्याच्या तांड्यासोबत निघाला. तावेता इथे हमालांना बसवून हजारो मण्यांच्या माळा नव्याने ओवून घ्याव्या लागल्या, कारण मासाईंना ठरावीक लांबीचीच माळ चालायची. कुठे लोखंडी तार चालते, कुठे पितळी, कुठल्या रंगाचा मणी यंदा कोणी घेणार नाही, हे चुकलं तर अख्खा तांडा उपाशी. ही माहिती व्यापाऱ्यांकडे होती.

मग अंबोसेली, न्गाँग, नैवाशा. पुढे लायकिपियाच्या पठारावरून त्याने केनिया पर्वताचा बर्फ पाहिला. मिशनरी क्राफने १८४९ मध्ये त्याबद्दल लिहिलं तेव्हा लंडनमधल्या नकाशापंडितांनी त्याची टर उडवली होती. पुढे बारिंगो सरोवर, आणि डिसेंबर १८८३ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराचा काठ.

८. तिथून युगांडा जवळ होतं, मग तो का गेला नाही?

पुढे अडवणूक होणार ही चिन्हं दिसत होती, माल संपत आला होता आणि तब्येत खालावली होती, म्हणून तो मागे फिरला. या निर्णयाची किंमत दोन वर्षांनी दुसऱ्याच्या मरणातून कळली. बिशप हॅनिंग्टन १८८५ मध्ये थॉमसनच्याच वाटेने गेला आणि पुढे बुसोगात शिरला. पूर्वेकडून येणाऱ्या परक्यांची शेजारच्या बुगांडा राज्याला धास्ती होती. राजा म्वांगाच्या हुकमाने हॅनिंग्टन ऑक्टोबरमध्ये मारला गेला.

९. आफ्रिकेच्या खचदरीचा शोध थॉमसनने लावला का?

शोध हा शब्द मी वापरणार नाही. तिथे राहणाऱ्यांच्या जनावरांची चराई त्या दरीतच होती. पण दोन उंच कड्यांच्या मधे दक्षिणोत्तर पसरलेला हा खोलगट पट्टा, त्यातली सरोवरं आणि लोंगोनोटसारखे ज्वालामुखी हे सगळं एकाच रचनेचे भाग आहेत, हे वर्णन थॉमसनने नीट केलं. लोंगोनोटच्या कड्यावर चढून त्याने आतल्या ज्वालामुखात डोकावून पाहिलं. त्या अनुभवावर त्याने लिहिलेली पानं आजही वाचावी अशी आहेत.

जमीन दोन समांतर प्रस्तरभंगांच्या मधे खचून ही दरी झाली, हा कार्यकारणभाव पुढच्यांनी पक्का केला. ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी १८९१ मध्ये प्रवाशांच्या नोंदींवरून तो मांडला. जॉन वॉल्टर ग्रेगरीने १८९३ मध्ये स्वतः जाऊन तो तपासला आणि 'ग्रेट रिफ्ट व्हॅली' हे नाव रूढ केलं. शाळेत आपण खचदरी आणि गटपर्वत शिकतो ते याच विचारातून आलेलं. थॉमसनला कडे दिसले, लाव्हा दिसला, तळ दिसला. एवढं धावत्या प्रवासात, मासाई तरुणांच्या गराड्यात टिपणं मला फार मोठं वाटतं.

१०. नकली दात आणि ईनोची गोष्ट खरी आहे का?

हो, त्याने स्वतःच लिहिली आहे. त्याला दोन कृत्रिम दात होते. मासाईंसमोर ते काढून पुन्हा बसवायचा आणि पाण्यात फ्रूट सॉल्ट टाकून ते फसफसताना दाखवायचा. त्याला लायबोन, म्हणजे मंत्रविद्या जाणणारा, मानत, असं तो सांगतो. ही एकतर्फी साक्ष आहे, हे विसरू नये. या दोन क्लृप्त्यांवर तो मासाई मुलूख पार करून गेला असं सांगणारे लोक किमामेता, मण्यांच्या माळा आणि महिनोन्‌महिने चाललेल्या वाटाघाटी वगळतात (प्रश्न ७ पाहा).

११. तो रक्तपात टाळणारा 'सज्जन' संशोधक होता असं वाचलं. कितपत खरं?

अर्धं. सावकाश जाणारा सुखरूप जातो आणि सुखरूप जाणारा लांब जातो, ही इटालियन म्हण त्याने आपलं सूत्र मानली होती, आणि तो ती पाळायचा. वाट अडली की थांबायचा, होंगो म्हणजे वाटेवरची पट्टी द्यायचा, गरज पडली तर मागे फिरायचा. माणसांवर गोळी न झाडता मोहिमा पार पाडल्याचा त्याला अभिमान होता आणि स्टॅन्लीच्या शेजारी ठेवलं तर फरक डोळ्यांत भरतो.

पण हमालांना तो फटके मारायचा, आणि झांझिबारहून भरती केलेल्या माणसांबद्दल त्याने तुच्छतेने लिहिलं आहे. शिवाय युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवलेल्या बर्लिन परिषदेनंतर त्याची मोहीम उघड राजकारणाची झाली. १८८५ मध्ये नॅशनल आफ्रिकन कंपनीसाठी तो पश्चिम आफ्रिकेत सोकोटो आणि ग्वांडूच्या सुलतानांशी करार करून आला, जर्मनांच्या आधी. त्या करारांवर पुढे नायजेरियावरचा ब्रिटिश दावा उभा राहिला. सुलतानांच्या लेखी ती व्यापाराची सवलत होती की सत्ता सोडणं, यावर इतिहासकार आजही भांडतात. १८९०-९१ मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने त्याला तांब्याने भरलेल्या कातंगाकडे, मसिरी राजाचा करार मिळवायला धाडलं. तांड्यात देवीची साथ पसरली, स्वतः थॉमसन आजारी पडला आणि बांग्वेउलू सरोवराच्या भागातून त्याला परतावं लागलं. त्या वेळी तो पोचला नाही, याचं मला वाईट वाटत नाही. मसिरीला मात्र त्याने काही फरक पडला नाही. १८९१ च्या अखेरीस बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या माणसांनी त्याला गोळी घातली.

१२. त्याच्या नावाने काय काय आहे?

थॉमसन्स गॅझेल, कुशीवर काळा पट्टा असलेलं सेरेंगेटीतलं छोटं हरीण, सगळ्यांना माहीत असतं. केनियात न्याहुरुरू इथे ७४ मीटरचा थॉमसन्स फॉल्स आहे. टांगानिकात लिम्नोट्रोकस थॉमसनाय नावाची गोगलगाय आहे, त्याने गोळा केलेल्या शिंपल्यांची आठवण. त्याने स्वतः दिलेली नावं कमी टिकली. अॅबरडेअर पर्वतरांग हे त्यातलं टिकलेलं नाव, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या तेव्हाच्या अध्यक्षांवरून. रुक्वाला त्याने दिलेलं 'लिओपोल्ड' पुसलं गेलं, आणि ते बरंच झालं.

१३. एलगॉनच्या गुहांबद्दल तो चुकला असं म्हणतात. नेमकं काय चुकलं?

केनिया-युगांडा सीमेवरच्या एलगॉन पर्वताच्या उतारावर त्याला प्रचंड गुहा दिसल्या. लोक त्यात गुरांसकट राहत होते. गुहांच्या भिंतींवर घाव घातल्यासारख्या खुणा होत्या. त्या निसर्गाने केलेल्या नाहीत हे त्याने ओळखलं, पण तिथल्या लोकांच्या साध्या अवजारांनी एवढं खोदकाम होणार नाही असं ठरवून त्याने श्रेय प्राचीन इजिप्शियनांसारख्या कुठल्यातरी बाहेरच्या पुढारलेल्या लोकांना दिलं. तिथल्या माणसांना कमी लेखणारा हा त्या काळचा ठराविक तर्क.

आता माहीत आहे की किटुमसारख्या गुहांत हत्ती रात्री आत शिरतात आणि ज्वालामुखी राखेच्या ठिसूळ खडकातलं खनिज मीठ सुळ्यांनी खरवडून खातात. पिढ्यान्‌पिढ्या खरवडून गुहा मोठ्या होत गेल्या. माणसांनीही गुरांसाठी ते मीठ खणलं. खुणा खोदकामाच्या आहेत हे त्याचं निरीक्षण टिकलं, खोदणारा मात्र त्याला ओळखता आला नाही.

१४. तो इतक्या लवकर कशाने गेला? रेड्याच्या जखमेने?

नाही. ३१ डिसेंबर १८८३ रोजी एलगॉनच्या बाजूला त्याने गोळी घातलेला रानरेडा मेला नव्हता. जवळ जाताच त्याने थॉमसनला शिंगावर घेऊन फेकलं आणि मांडी फाडली. ती जखम भरली. पाठोपाठ आलेल्या अमांशाने मात्र तो काही आठवडे एका झोपडीत मरणाच्या दारात पडून होता, आणि बराच रस्ता त्याला उचलून न्यावं लागलं. मदतीला जेम्स मार्टिन हा माल्टाचा खलाशी होता. १८८४ च्या मध्यावर ते किनाऱ्याला लागले. पुढच्या वर्षी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

तब्येत कायमची मोडली ती कातंगाच्या मोहिमेत (प्रश्न ११). मूत्राशयाच्या आणि मूत्रपिंडाच्या विकाराने तो नंतर कधीच पुरता सावरला नाही, आणि वर फुप्फुसं गेली. हवापालटासाठी दक्षिण आफ्रिका झाली, भूमध्य समुद्राचा किनारा झाला. उपयोग झाला नाही.

१५. वाचायचा असेल तर कुठून सुरुवात करावी?

मासाई प्रवासाचं पुस्तक १८८५ च्या सुरुवातीला आलं, ते आधी घ्या. मोरोक्कोतल्या अॅटलस पर्वतावरचं १८८९ चं पुस्तक मागाहून, कारण १८८८ च्या त्या मोहिमेमागे ना कंपनी होती ना सुलतान, आणि तिथे तो पुन्हा निव्वळ भूवैज्ञानिक झालेला दिसतो. भावाने लिहिलेलं चरित्र १८९६ चं. त्यात पत्रं भरपूर आहेत, पण ते भावाने लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवा. वाचताना पूर्व आफ्रिकेचा उंचसखल दाखवणारा नकाशा उघडा ठेवा आणि नैवाशापासून बारिंगोपर्यंत बोट फिरवा. त्याच्या वर्णनातले दोन्ही बाजूंचे कडे रंगांच्या फरकातूनच दिसतात.